गोयाची काळ्या वेषातली डचेस: वाळूतली अक्षरं राहू द्या, कपडे बघा

नदीकाठच्या रेताड जमिनीवर एक बाई उभी आहे. घोट्यापर्यंतचा काळा घागरा, डोक्यावरून खांद्यांवर आणि तिथून कमरेखाली ओघळलेली काळ्या लेसची ओढणी, लेसच्या जाळीतून चमकणाऱ्या पिवळ्या-सोनेरी बाह्या, कमरेला आवळलेला लालभडक शेला. घागऱ्याखालून टोकदार जोडे डोकावतात. डावा हात कमरेवर, उजव्या हाताची तर्जनी खाली रोखलेली. ती दाखवते तिथे वाळूत दोन शब्द लिहिले आहेत: 'सोलो गोया', म्हणजे 'फक्त गोया'.

स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयानं १७९७ साली काढलेलं, आल्बाच्या डचेसचं हे तैलचित्र न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीच्या संग्रहात आहे. उंची २१० सेंटीमीटर, रुंदी सुमारे १४९, म्हणजे बाई जवळजवळ खऱ्या मापाची. तिच्या उजव्या हातात दोन अंगठ्या आहेत. एकीवर 'आल्बा' कोरलंय, दुसरीवर 'गोया'. एवढं बघितल्यावर लोकांना बाकी काही बघायची गरज वाटत नाही. चित्रकार आणि सरदारीण, तो पन्नाशीचा आणि ठार बहिरा, ती पस्तिशीची आणि नुकतीच विधवा; कादंबरीचा मालमसाला तयार. या दोघांवर दोनशे वर्षं जे काही लिहिलं-बोललं गेलं त्यात प्रेमप्रकरणाचा वाटा फार मोठा आहे.

ते प्रकरण पुढे येईलच. पण माझं मत विचाराल तर या चित्रात बोटापेक्षा घागरा जास्त बोलतो. आपण सहज म्हणून जातो की बाईनं 'पारंपरिक स्पॅनिश पोशाख' घातलाय. आजीच्या पेटीतून काढलेलं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काहीतरी, असं त्या शब्दानं डोळ्यांपुढे येतं. १७९७ साली हा पोशाख तसा नव्हता. आल्बासारख्या घराण्यातल्या बाईनं तो अशा थाटात घालून चित्रासाठी उभं राहणं ही तेव्हाची चालू फॅशन होती, आणि ती राजवाड्यातून खाली झिरपलेली नव्हती. माद्रिदच्या गल्ल्यांतून वर चढलेली होती.

बाई कोण

मारिया तेरेसा कायेताना दे सिल्वा हे तिचं नाव, लांबलचक नावातलं निम्मं गाळून. जन्म १७६२. आल्बा हे स्पेनमधल्या सगळ्यात बड्या घराण्यांपैकी एक, आणि कायेताना त्याची १३वी डचेस. ही पदवी तिला नवऱ्यामुळे मिळालेली नव्हती. आजोबा वारले तेव्हा वारस म्हणून ती थेट तिच्याकडे आली. त्या वेळी ती १४ वर्षांची होती. लग्न त्याच्याही आधी, १७७५ मध्ये झालं होतं. तिला मूलबाळ झालं नाही. मारिया दे ला लूस या कृष्णवर्णीय मुलीला तिनं आपल्या घरात वाढवलं, आणि त्या चिमुरडीला मांडीवर घेतलेल्या डचेसचं गोयानं केलेलं एक रेखाचित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. एका फ्रेंच प्रवाशानं लिहून ठेवलंय की या बाईच्या डोक्यावर असा एकही केस नाही ज्यानं इच्छा चाळवत नाही. प्रवासवर्णनं लिहिणारे तेव्हाही हात राखून लिहीत नसत.

गोया तिच्यापेक्षा १६ वर्षांनी मोठा. आरागॉनमधल्या फुएंदेतोदोस या खेड्यात १७४६ साली जन्मलेला, सोन्याचा मुलामा देणाऱ्या कारागिराचा मुलगा. १७८९ मध्ये तो राजदरबाराचा चित्रकार झाला. १७९२-९३ च्या दुखण्यातून उठला तो कायमचा बहिरा होऊन. १७९५ मध्ये त्यानं नवरा-बायको दोघांचीही चित्रं काढली. नवरा संगीतवेडा, चित्रात तो पियानोला टेकून हातात हायडनच्या गाण्यांची वही धरून उभा आहे. बायको पांढऱ्या झिरझिरीत झग्यात, कमरेला लाल पट्टा, केसांत लाल फीत, पायाशी पांढरं कुत्रं आणि त्याच्या मागच्या पायालाही लाल फीत. असे पांढरे तलम झगे त्या दशकात पॅरिस-लंडनपासून सगळीकडे गाजत होते, आणि युरोपाला ज्या मलमलीनं या तलमपणाची चटक लावली ती मुळात बंगालची.

ते पांढरं चित्र माद्रिदमध्ये आल्बा घराण्याच्या लिरिया वाड्यात आहे. काळं चित्र त्यानंतर दोनच वर्षांनी आलं. चेहरा तोच, कुरळ्या केसांचा तोच पसारा, कमरेला लाल रंगही तोच. बदलला तो वेष. युरोपभर चालणाऱ्या फॅशनमधून बाई थेट माद्रिदच्या रस्त्यावर आली.

अंगावर नेमकं काय आहे

दोन कपडे ओळखले की अर्धं काम झालं. काळा घागरा म्हणजे बास्कीन्या. डोक्यावरची लेस म्हणजे मांतिया.

बास्कीन्या हा घरात घालायचा कपडाच नव्हे. स्पेनमधली बाई घराबाहेर पडताना, चर्चला किंवा फेरफटक्याला जाताना, अंगावरच्या पोशाखावरून तो चढवायची आणि घरी आली की उतरवून ठेवायची. मांतियाचंही तसंच. गरीब बाईचा घागरा लोकरीचा, श्रीमंत बाईचा रेशमी; एकीची मांतिया साध्या कापडाची, दुसरीची लेसची. पण लांबून दोघी सारख्याच काळ्या दिसायच्या. म्हणजे हा बाहेरचा वेष आहे, चारचौघांत वावरण्याचा. गोयानं तिला दिवाणखान्यात न बसवता उघड्यावर, नदीकाठी उभं केलं हे त्या वेषाला धरूनच आहे.

नुसती बास्कीन्या आणि मांतिया असती तर विशेष बोलण्यासारखं काही नव्हतं. खरी मेख सोनेरी बाह्यांत आणि लाल शेल्यात आहे, कमरेवर हात ठेवून उभं राहण्यात आहे. हा सगळा थाट 'माहा'चा.

माहा म्हणजे माद्रिदच्या लावापिएस, माराव्हियास, बार्किओ असल्या कष्टकरी वस्त्यांतली ठसकेबाज बाई. संत्री विकणारी, भाजलेले चेस्टनट विकणारी, कुणाच्या घरी कामाला जाणारी. तिचा जोडीदार तो 'माहो'. घट्ट आखूड चोळीजाकीट, त्याच्या बाह्यांवर झालरी आणि कलाबतू, पाऊल आणि घोटा दिसेल एवढाच घागरा, कमरेला शेला, हातात पंखा आणि जिभेला धार. ती कुणाला खाली मान घालत नसे, निदान तिच्याबद्दलची समजूत तरी अशीच होती. तेव्हाच्या माद्रिदच्या रंगभूमीवरच्या छोट्या विनोदी नाटिकांनी ही पात्रं घराघरांत पोचवली. गोयानं स्वतः १७७५ पासून शाही गालिचे विणणाऱ्या सांता बार्बारा कारखान्यासाठी नमुनाचित्रं काढली, त्यांत या माहा-माहोंची गर्दी आहे: नदीकाठी नाचणारे, पतंग उडवणारे, छत्रीच्या सावलीत बसलेले. ते गालिचे लागायचे राजपुत्रांच्या जेवणघरांत. ज्यांनी खऱ्या लावापिएसमध्ये पाऊल टाकलं नसेल असे लोक रोज जेवताना भिंतीवर लावापिएस बघत होते.

मग सरदारघराण्यांतल्या बायकांनी तो वेष उचलला. शेतकऱ्याच्या पायातली कोल्हापुरी शहरात आल्यावर झब्ब्याखाली मिरवायची गोष्ट झाली, तसंच काहीसं. माल तोच, पण घालणारा बदलला की अर्थ बदलतो, आणि किंमत तर बदलतेच. डचेसच्या बाह्यांवरचं सोनेरी काम कुठल्याही संत्रीवालीला परवडणारं नव्हतं.

वर का चढला हा वेष

१७०० साली स्पेनच्या गादीवर बूर्बों घराणं आलं. राजा फ्रेंच रक्ताचा, त्यामुळे दरबारी कपडेही फ्रेंच वळणाचे. पुढची काही दशकं उच्चवर्गाला पॅरिसशिवाय काही सुचत नव्हतं. फ्रेंच वळणाच्या नटव्या पुरुषांची टिंगल करणारं साहित्य ढिगानं निघालं. कपड्यांवरून माणूस कुठल्या बाजूचा हे कळायला लागलं की सरकारचंही तिकडे लक्ष जातं, आणि स्पेनमध्ये ते वेळोवेळी गेलं.

पहिला आणि सगळ्यात मोठा तमाशा १७६६ चा. कार्लोस तिसरा राजा होता. त्याचा इटालियन मंत्री एस्किलाचे यानं माद्रिदमध्ये पुरुषांच्या लांब अंगरख्यांवर आणि रुंद काठाच्या टोप्यांवर बंदी घातली. अशा वेषात तोंड लपतं, हत्यारही लपतं, म्हणून आखूड अंगरखा आणि तिकोनी टोपी घाला, असा हुकूम. भाकरीचे भाव आधीच भडकलेले होते. मार्चमध्ये माद्रिद पेटलं. राजाला शहर सोडून आरान्हुएसच्या वाड्यात जावं लागलं आणि एस्किलाचेला देश सोडावा लागला. असं सांगतात की नंतर आलेल्या काउंट आरांदानं डोकं चालवलं: त्यानं रुंद टोपी आणि लांब अंगरखा हा फाशी देणाऱ्या मांगाचा अधिकृत गणवेश ठरवून टाकला. टोप्या हळूहळू आपोआप उतरल्या.

दुसरा प्रसंग १७८८ चा, आणि हा मला जास्त मजेशीर वाटतो. बायकांच्या चैनीपायी परदेशी कापडावर देशाचा पैसा वाया जातो, तेव्हा सगळ्या स्पॅनिश स्त्रियांसाठी एकच 'राष्ट्रीय पोशाख' ठरवा, अशी एक निनावी पुस्तिका निघाली. तीन नमुने सुचवले होते, त्यांना नावंही दिलेली आणि बाईच्या सामाजिक पायरीप्रमाणे त्यांत पोटभेद ठेवलेले. कापड सगळं देशी. मंत्री फ्लोरिदाब्लांकानं हा प्रस्ताव माद्रिदच्या 'हुंता दे दामास' या स्त्रियांच्या मंडळाकडे अभिप्रायाला पाठवला. मंडळाची चिटणीस होती मोंतिहोची काउंटेस. या बायकांनी प्रस्ताव साफ फेटाळला. कायदा करून बायकांना गणवेशात घालणं शक्य नाही आणि इष्टही नाही, असा त्यांचा सूर होता.

आता गंमत बघा. वरून लादलेला राष्ट्रीय पोशाख बायकांनी नाकारला आणि त्याच दशकात खालून आलेला माहाचा वेष आपणहून अंगावर चढवला. कुणी फर्मान काढलं नव्हतं. फ्रेंचांच्या नकलेला कंटाळलेल्या, बैलझुंजी आणि गिटारची चटक लागलेल्या बड्या घरांना 'आपलं' म्हणावं असं काहीतरी हवं होतं, आणि ते गल्लीत तयार मिळालं. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली, १७९३ मध्ये स्पेन आणि फ्रान्समध्ये युद्ध जुंपलं. तेव्हा तर पॅरिसच्या फॅशनकडे बघण्याची नजरच बदलली. डचेसनं पांढरा झगा सोडून काळी बास्कीन्या घातली त्याला ही पार्श्वभूमी आहे. तिच्या मनात राजकारण होतं असं मी म्हणत नाही. पण तिला बघणाऱ्या प्रत्येकाला त्या वेषाचा अर्थ लागत होता.

तिसऱ्या वेळी सरळ हुकूम निघाला, चित्रानंतर दोन वर्षांनी, १७९९ मध्ये. बास्कीन्या रंगीत घालायची नाही, काळीच घालायची. म्हणजे बायका तोवर रंगीत घालू लागल्या होत्या. स्पेनचा 'परंपरागत काळा' म्हणून जो आपण डोक्यात धरून बसतो, त्याला सरकारी शिक्क्याचाही हातभार आहे.

सुतक की शृंगार

डचेसचा नवरा जून १७९६ मध्ये सेव्हियात वारला. त्यानंतर ती ग्वादालकिवीर नदीच्या मुखाशी असलेल्या सानलूकार दे बारामेदा इथे जाऊन राहिली. गोयाही त्या सुमारास तिकडेच, दक्षिणेच्या आंदालुसिया प्रांतात होता. त्यामुळे काळे कपडे म्हणजे वैधव्याचा शोक, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं.

पटत नाही. शोकात असलेली बाई लाल शेला आवळत नाही आणि सोन्याच्या बाह्या लेसखालून दाखवत नाही. मात्र हेही खरं की नवरा जाऊन वर्ष झालेलं असताना काळ्यावर बोट ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं. रस्त्यावरचा काळा आणि सुतकाचा काळा यांत लांबून फरक दिसत नाही, आणि ही सोय तिच्या चांगलीच पथ्यावर पडली असणार. मला तर वाटतं, हा वेष निवडण्यातली हुशारी इथेच आहे: विधवा म्हणा, माहा म्हणा, दोन्हीला ती हो म्हणू शकते.

काळ्यावर काळं

रंगवणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर हे चित्र म्हणजे अवघड दुखणं आहे. काळा घागरा, त्यावर काळी लेस. छटा चुकली की सात फुटी चित्राच्या मधोमध नुसतं भोक दिसेल.

स्पेनला काळ्याचं वेड जुनं. सोळाव्या शतकात फेलिपे दुसऱ्याच्या दरबारापासून काळा हा रुबाबाचा रंग झाला. खरा गडद, न विटणारा काळा रंगवणं महाग आणि किचकट काम होतं. अमेरिकेतल्या वसाहती हाती आल्यावर मेक्सिकोच्या काम्पेचे किनाऱ्यावरच्या लाकडापासून केलेला रंग मिळू लागला आणि त्याचा मोठा व्यापार झाला. कपड्याचा काळा असा समुद्रापलीकडून आलेला. चित्रकाराचा काळा मात्र बहुधा हाडं जाळून केलेल्या भुकटीचा.

गोयाची युक्ती समजून घ्यायला काळा हा एकच रंग आहे ही कल्पना सोडावी लागते. काळ्यात थोडा पांढरा मिसळला की तो निळसर, थंड होतो. तोच काळा पातळ करून तांबूस रंगावर पसरला की उबदार, तपकिरी वाटतो. गोया आपल्या कॅनव्हासला बरेचदा आधी विटकरी-नारिंगी रंगाचा हात द्यायचा आणि वरचा रंग जागोजागी विरळ ठेवायचा, म्हणजे खालची ऊब वर येते. त्यामुळे घागऱ्याच्या घडीत अंधार आणि घडीच्या कण्यावर राखाडी चमक असं दोन्ही मिळतं. रेशीम तिथे सळसळतं.

लेसचं काम तर आणखी धाडसी. त्यानं एकही दोरा मोजून काढलेला नाही. बाहीचा पिवळा आधी रंगवून घेतला, त्यावर काळ्याचा पातळ पडदा ओढला, आणि त्या पडद्यावर जाड काळ्याचे तुटक फटकारे मारले. जवळ जाऊन बघितलं तर नुसते डाग. चार-पाच पावलं मागे सरलं की त्याच डागांची वेलबुट्टी होते. लेसची नक्षी आपले डोळे विणतात.

त्यापुढे चेहरा फिका वाटतो, हे मोकळेपणानं सांगायला हवं. पांढऱ्या चित्रातही आणि इथेही डचेसचा चेहरा गुळगुळीत, जवळपास बाहुलीसारखा आहे. ज्याला ती इतकी जवळची होती म्हणतात त्यानं तिच्या चेहऱ्यात इतकं कमी शोधावं, याचं आश्चर्य वाटतं. तुलनेला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं मार्केसा दे ला सोलाना या सरदारणीचं गोयानंच काढलेलं चित्र घ्या. तेही १७९५ च्या आसपासचं, तीही काळ्या बास्कीन्यात. ती बाई तेव्हा आजारी होती आणि त्याच वर्षी गेली. दिसायला सुंदर नाही, पण तिच्या नजरेत जे आहे ते डचेसच्या नजरेत नाही. मला दोहोंतलं एक चित्र घरी न्यायला सांगितलं तर मी सोलाना नेईन. कपड्यांसाठी मात्र परत डचेसकडेच यावं लागेल.

आता वाळूतली अक्षरं

ती अक्षरं आपल्याला उलटी दिसतात, कारण ती तिच्या बाजूनं लिहिली आहेत. वाचक ती आहे. बराच काळ नुसतं 'गोया' दिसायचं. 'सोलो' वरच्या रंगाखाली झाकलेला होता, तो चित्र साफ करताना उघडा पडला.

यावरून प्रेमप्रकरण सिद्ध होतं का? पुरावा म्हणावा असं हातात फार थोडं आहे. आपला मित्र सापातेर याला गोयानं लिहिलेल्या एका पत्रात आल्बाबाई स्टुडिओत घुसल्या, चेहरा रंगवून घ्यायचा हट्ट धरला आणि तो पुरा करून घेतला, असं आहे. वर त्याची शेरेबाजी, की कॅनव्हास रंगवण्यापेक्षा मला हे जास्त आवडतं. फेब्रुवारी १७९७ मध्ये सानलूकारला केलेल्या मृत्युपत्रात डचेसनं गोयाच्या मुलाला, हाविएरला, रोजचे १० रेआल तहहयात लावून दिले. त्या मुक्कामातली गोयाची एक रेखाचित्रांची वहीही आहे. याला जवळीक म्हणता येईल. याहून पुढचं जे काही आहे ते वाचणाऱ्याच्या मनातलं.

बोट दाखवण्याबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १७९५ च्या पांढऱ्या चित्रातही डचेस जमिनीकडे असंच बोट दाखवते. तिथे वाळूत काय लिहिलंय? 'आल्बाच्या डचेसला, फ्रान्सिस्को दे गोया, १७९५.' म्हणजे सही जमिनीवर करायची आणि बाईनं ती दाखवायची, ही रचना जुनीच. आधी ती अर्पणपत्रिका होती, मग चित्रकारानं आपल्या नावामागे 'फक्त' जोडला. प्रेमाची कबुली म्हणून तो वाचता येतो, तसा 'हे असं फक्त गोयाच रंगवू शकतो' या फुशारकीतही वाचता येतो. काळ्यावर काळं ज्या तोऱ्यात रंगवलंय ते बघता दुसरा अर्थ मला अजिबात दूरचा वाटत नाही.

चित्र डचेसकडे कधी गेलंच नाही. १८१२ मध्ये गोयाची बायको होसेफा वारली, तेव्हा घरातल्या मालमत्तेची यादी झाली, तिच्यात ते आहे. ते हाविएरच्या वाट्याला आलं, त्याच्याकडून फ्रान्सच्या राजा लुई-फिलिपनं लूव्रमध्ये १८३८ साली उघडलेल्या स्पॅनिश दालनात गेलं, राजाची गादी गेल्यावर १८५३ मध्ये लंडनला लिलावात विकलं गेलं. हिस्पॅनिक सोसायटीचा संस्थापक, अमेरिकन धनाढ्य आर्चर हंटिंग्टन यानं ते १९०६ मध्ये घेतलं. डचेस स्वतः १८०२ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेली. विषप्रयोगाच्या अफवा इतक्या टिकल्या की १९४५ मध्ये घराण्यानं तिचे अवशेष उकरून तपासून घेतले. डॉक्टरांचा निष्कर्ष क्षयातून आलेल्या मेंदूज्वराकडे झुकला. प्रसिद्ध नग्न 'माहा'च्या चित्राची मॉडेल हीच, हेही ऐकू येतं. ते चित्र पंतप्रधान गोदोयच्या संग्रहातलं, आणि डचेसशी त्याचा संबंध दाखवणारा कागद नाही.

पुढे त्या वेषाचं काय झालं

१७९९ मध्ये राणी मारिया लुईसानं गोयाकडून स्वतःचं मांतिया घातलेलं पूर्णाकृती चित्र काढून घेतलं आणि ते छान उतरतंय असं लोक म्हणतात, असं गोदोयला पत्रातून कळवलं. गल्लीतला वेष सिंहासनापर्यंत पोचला. १८०८ मध्ये नेपोलियनचं सैन्य घुसल्यावर फ्रेंच नसलेली प्रत्येक गोष्ट आपोआप स्पॅनिश ठरली. नंतर परदेशी प्रवासी आणि चित्रकार आले आणि त्यांना स्पेन म्हणजे मांतिया, पंखा आणि गिटार एवढंच दिसलं. डचेसच्या डोक्यावर नसलेला तो उंच कंगवा एकोणिसाव्या शतकात मांतियाखाली खोचला जाऊ लागला. आज ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी सेव्हियाच्या बायका काळी मांतिया घालून चर्चमध्ये जातात ती या कंगव्यावरची.

मधल्या काळात मांतियानं एकदा उघड राजकारणही केलं. १८७१ च्या मार्चमध्ये स्पेनच्या गादीवर इटलीहून आणलेला राजा अमादेओ नुकताच बसला होता. माद्रिदच्या सरदारघराण्यांतल्या बायकांना हा परका राजा आणि त्याची राणी मान्य नव्हती. त्यांनी पॅरिसच्या टोप्या घरी ठेवल्या आणि प्रादोच्या रस्त्यावर रोजच्या संध्याकाळच्या बग्ग्यांच्या फेरीला त्या मांतिया आणि कंगवे घालून, बूर्बों घराण्याचं लिलीचं फूल टोचून आल्या. घोषणा नाहीत, पत्रकं नाहीत. राणीची बग्गी आली की सगळ्या रस्त्यावर मांतियाच मांतिया.

सरकारच्या बाजूच्या लोकांनी यावर तोड काढली. पुढच्या एका संध्याकाळी शहरातल्या वेश्यांना तशाच मांतिया आणि तसेच कंगवे देऊन बग्ग्यांतून त्याच रस्त्यावर पाठवलं. टोपीच्या बाबतीत आरांदानं वापरलेली हीच चाल होती, शंभर वर्षांनी. सरदारणींनी बग्ग्या वळवल्या आणि त्या घरी गेल्या.